आबांना पॅरालिसिस झालाय, वय ऐंशी: घरच्यांनी आता काय करायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगलीत विश्रामबागला राहते आणि दिवसभर गाडीवरनं माधवनगर, बुधगाव, कवलापूर, हरिपूर, कधी पार तासगावपर्यंत घरोघरी जाऊन पेशंट बघते. बहुतेक सत्तरीच्या पुढचे. कुणी 'अंगावरनं वारं गेलं' म्हणतं, कुणी लकवा, कुणी स्ट्रोक. घरात पाऊल टाकलं की पाच मिनिटांत प्रश्न येतो, "म्याडम, एवढं वय झालंय. आता मेंदू काय सुधारणार?" काही घरांत तर प्रश्नही उरलेला नसतो. कॉट सोप्यातनं आतल्या खोलीत गेलेली असते, म्हणजे निकाल लागलेला असतो.

हे मी अशा घरांसाठी लिहिते आहे.

वयाचा परिणाम होतो का? होतो. पण लोक समजतात तिथं नाही. कोपनहेगनमध्ये ५१५ रुग्णांचा पाठपुरावा करून १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वय जास्त म्हणून हातापायातली ताकद, बोलणं, म्हणजे डॉक्टर तपासून मोजतात ती सुधारणा कमी झाली, असं त्यात दिसलं नाही. फरक पडला तो रोजच्या कामांत: जेवणं, कपडे घालणं, संडासला जाणं. पन्नाशीच्या माणसाचा उजवा हात गेला तर तो महिनाभरात डाव्या हातानं बटण लावायची काहीतरी युक्ती काढतो. ऐंशीच्या माणसाला ती युक्ती आपली आपण सुचत नाही, सुचली तरी अंगवळणी पडायला वेळ लागतो. म्हणजे म्हातारपणी कमी पडते ती पर्याय शोधायची क्षमता. आणि पर्याय शोधून देणं, तो रोज गिरवून घेणं, हे घरच्यांना करता येतं. पुढं जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

कृष्णेचं पाणी चढून आयर्विन पूल बंद झाला की वाहतूक दुसऱ्या पुलावरनं वळवतात. मेंदूही तेच करतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण आजूबाजूच्या आणि पलीकडच्या बाजूच्या पेशी नवीन जोडण्या करून काम वाटून घेतात. म्हातारपणी अडचण अशी की वीस-पंचवीस वर्षांच्या बीपी-शुगरनं आडरस्तेही खराब झालेले असतात. एमआरआयच्या रिपोर्टात 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस', 'एज रिलेटेड अ‍ॅट्रॉफी' असं लिहिलेलं दिसतं ना, ते हेच. ते वाचून घाबरू नका. त्या वयाच्या खूप लोकांच्या रिपोर्टात ते असतं. त्याचा अर्थ एवढाच की वाहतूक वळेल, पण हळू वळेल, आणि रस्ता रोज वापरला तरच टिकेल.

दिवाळीनंतर बघू, असं म्हणू नका

पहिले तीन महिने सोन्याचे. कोपनहेगनच्याच १९९५ च्या अहवालात बहुतेक रुग्णांची रोजच्या कामांतली सुधारणा साडेबारा-तेरा आठवड्यांत जास्तीत जास्त टप्प्याला पोचलेली दिसली. सौम्य झटका, म्हणजे सौम्य स्ट्रोक, असलेले त्याच्या आधीच पोचले, अतिशय तीव्र झटक्याच्या रुग्णांना वीस आठवड्यांपर्यंत लागले. २०२१ मध्ये अमेरिकेत हाताच्या व्यायामावर एक प्रयोग झाला. वीस तासांचा जादा सराव कधी दिला तर सगळ्यात उपयोगी पडतो, हे त्यात पाहिलं. उत्तर आलं: झटक्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. सहा महिने उलटल्यावर तेवढाच सराव दिला, तर तसा फरक दिसला नाही.

आता आपल्याकडं काय होतं बघा. डिस्चार्ज मिळतो, पंधरा दिवस पाव्हणेरावळे भेटायला येतात, मग कुणीतरी पारव्याचं रक्त चोळायला सांगतं, कुणी लांबच्या गावाला औषधाला नेतं, आणि दोन महिने निघून जातात. रक्त चोळून मेंदूत काहीही पोचत नाही. तेलानं मालिश करा, अंगाला बरं वाटतं, पण त्याला व्यायाम समजू नका. दुसऱ्यानं हलवलेला हात आणि स्वतः हलवायचा प्रयत्न केलेला हात यात मेंदूच्या दृष्टीनं फार मोठं अंतर आहे.

घाईचंही एक टोक असतं. 'लवकर उठवा' असं ऐकून काही घरं पहिल्याच दिवशी आबांना खांद्याला धरून चालवायला बघतात. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या चाचणीत, पहिल्या चोवीस तासांतच जोरात आणि जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांचे निकाल उलट थोडे वाईट आले. त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट मी रोज वापरते: थोडा थोडा वेळ, पण वरचेवर उठवलेल्यांना फायदा झाला. पहिला दिवस डॉक्टरांवर सोडा. त्यानंतर मात्र झोपवून ठेवू नका. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना प्रयोगासाठी दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो स्नायू गेलं होतं. ती माणसं आजारी नव्हती. आपले आबा आजारी आहेत.

आणि सहा महिने होऊन गेले असतील तर? वेग कमी झालेला असतो, शिकणं बंद झालेलं नसतं. पाठीला उशी न घेता बसणं, भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाणं, ही कामं वर्षानंतरही जमलेली मी बघते. फक्त तेव्हा हाताच्या बोटांची आस धरून न बसता एखादं नेमकं काम निवडावं आणि त्याच्या मागं लागावं.

एक तास सलग नको

तरुण पेशंट तासभर घाम गाळतो. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू पंधराएक मिनिटांत दमतो. हा थकवा स्ट्रोकचाच भाग असतो, त्याला आळस म्हणू नका. दमल्यावर केलेला सराव चुकीचा होतो आणि चुकीचाच पक्का बसतो. म्हणून दहा-दहा मिनिटं, दिवसात पाच-सहा वेळा. सकाळचा चहा, आंघोळ, जेवण, दुपारची झोप झाल्यावर, दिवेलागण, अशी घरातल्या वेळांना ती बांधून टाकावीत, म्हणजे विसरत नाहीत. दुपारची झोप मोडू नका. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

संख्या महत्त्वाची. अमेरिका-कॅनडात थेरपीच्या तासांत प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा हाताच्या कामाची आवर्तनं, म्हणजे तीच हालचाल परत परत करणं, एका वेळच्या थेरपीत सरासरी ३२ च्या आसपास भरली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोज काही शे आवर्तनं लागलेली आहेत. म्हणजे माझ्यासारखी कुणी आठवड्यातनं तीनदा येऊन पाऊण तास देते, तेवढ्यावर भागत नाही. मी दाखवायला येते, करून घेणारे तुम्ही. पण फिजिओ अजिबात नको, घरचेच करतो, हेही बरोबर नाही. भारतातल्या चौदा हॉस्पिटलांत १२५० रुग्णांवर अशी चाचणी झाली होती, २०१७ साली निकाल आले. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडनं व्यायाम करून घेतल्यानं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. महिन्यातनं दोनदा का होईना, जाणत्या माणसाची नजर हवी, कारण व्यायाम पुढं कधी न्यायचा आणि कुठं चुकतोय हे बाहेरच्याला दिसतं.

सुरुवात उठ-बस करण्यापासून करा. खुर्ची घट्ट, हाताची, साधारण दीड फूट उंचीची, मागं भिंत. प्लास्टिकची हलकी खुर्ची घसरते, ती नको. आबांना पुढं सरकून काठावर बसवा. दोन्ही टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागं घ्या, आणि कमजोर पाय चांगल्या पायापेक्षा किंचित मागं. हे ठरवून करा, नाहीतर सगळा भार चांगलाच पाय उचलतो. हात एकमेकांत गुंफून पुढं. आता 'उठा' म्हणू नका, 'वाका' म्हणा. नाक पायाच्या बोटांच्या पुढं गेलं की बुड आपोआप सुटतं. तुम्ही कमजोर बाजूला उभं राहा, हात आबांच्या कंबरेच्या पट्ट्याला. बगलेत हात घालून ओढू नका. बसताना धपकन बसू देऊ नका. हळू बसण्यात जास्त ताकद तयार होते. पाच वेळा, थांबा, श्वास जागेवर येऊ द्या, परत पाच. खुर्ची उंच असली तर उठणं सोपं जातं, म्हणून पहिल्या आठवड्यात बसायच्या जागी घट्ट घडीची सतरंजी घालून उंची वाढवा आणि मग एक एक घडी काढत जा.

छातीत दुखलं, धाप थांबेना, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तिथंच थांबायचं. पोटरी एकाच पायाची सुजून गरम लागली तर चोळायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. आत रक्ताची गाठ असू शकते.

हातासाठी बेदाण्याचं ताट

तासगाव भागातल्या एका घरी गेले होते, द्राक्षबागायतदार आजोबा, ऐंशीला टेकलेले, उजवी बाजू गेलेली. मुलानं मोठ्या हौसेनं दाराच्या चौकटीला कप्पी आणि दोरी लावलेली. चांगल्या हातानं दोरी ओढायची आणि लुळा हात वर न्यायचा, हा व्यायाम इकडं घरोघर दिसतो. ती कप्पी मी काढायला लावते. खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू लुळे असतात, वय झालेले स्नायूबंध आधीच झिजलेले असतात, अशा खांद्याला वर ओढलं की आत इजा होऊन दुखणं जडतं. खांदा दुखला की आबा हातच लावू देत नाहीत आणि सगळा व्यायाम थांबतो.

कप्पीच्या जागी आम्ही बेदाण्याचं ताट ठेवलं. आजोबांनी आयुष्यभर बेदाणा निवडलेला. टेबल छातीच्या खालच्या उंचीला, कोपराखाली टॉवेलची घडी, पाठ खुर्चीला टेकलेली. पहिल्यांदा हात पुढं नेताना ते सगळं अंगच पुढं नेत होते, खांदा कानाला लागत होता. मी त्यांच्या छातीवर तळवा ठेवून फक्त अंग थोपवलं. मग कोपर सुटलं. अंगठा आणि तर्जनी बेदाण्यापर्यंत पोचली, पण चिमूट मिटेना. बेदाणा ताटात घरंगळत राहिला. नुसतं 'बोटं मिटा, बोटं मिटा' म्हणत घरच्यांनी आधी पुष्कळ वेळ घालवला होता आणि काही झालं नव्हतं. "काळा दाणा दिसतोय तो काढा," म्हटल्यावर मात्र नजर दाण्यावर गेली आणि बोटं जवळ आली. दाणा उचलला गेला नाही, सरकला. त्या दिवशी तेवढंच. पुढं सरकवण्यावरनं उचलण्यावर, आणि उचलण्यावरनं वाटीत टाकण्यावर यायला बरेच आठवडे लागले.

यात जादू नाही. म्हाताऱ्या मेंदूला नवीन हालचाल शिकणं जड, पण पन्नास वर्षं केलेल्या कामाची वाट आत खोलवर पडलेली असते. म्हणून आजींना मऊ चेंडू देऊन बसवू नका. चेंडू दाबून दाबून ज्यांची बोटं आधीच आत वळताहेत त्यांना आणखी आवळायचीच सवय लागते, आणि अडचण बोटं उघडण्याची असते. त्यापेक्षा शेंगा फोडायला द्या, वाटाणे सोलायला, मेथी निवडायला, देवासाठी वाती वळायला. मिरजेत तंतुवाद्यांच्या कामातला माणूस असेल तर त्याला खुंटी पिळू द्या. दुकानदाराला नोटा मोजू द्या. ज्याचं जे काम, त्याला ते.

सेवा कुठं थांबवायची

हे सांगताना मला सगळ्यात जपून बोलावं लागतं. सून घास भरवते, मुलगा उचलून संडासला नेतो, नात केस विंचरते. गावात नाव होतं, 'किती करतात बघा'. आणि खरंच मायेनं करतात. पण प्रत्येक भरवलेल्या घासाबरोबर एक सराव वाया जातो. तरुण पेशंट चिडून चमचा हिसकावून घेतो. आबा घेत नाहीत. ते घरच्यांना त्रास नको म्हणून तोंड उघडतात. म्हणून म्हातारपणी हे जास्त नडतं.

करायचं असं की काम सोपं करून द्या, पण हातात घेऊ नका. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करा. ताटाऐवजी उभ्या कडेची परात, खाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. सदरा पुढून उघडणारा, लेंग्याला नाडीऐवजी इलॅस्टिक, आजींना नऊवारीचा हट्ट काही महिने बाजूला ठेवून गाऊन. घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी. एकच क्रम, एकच जागा, रोज. आणि सांगणारा एकच माणूस. तिघं तिघं बाजूला उभं राहून 'पाय उचला', 'मान वर', 'हात सरळ' असा गलका करतात, तेव्हा आबा जागेवर थिजतात. एक सूचना द्या आणि गप्प बसून वाट बघा. ती वाट बघणं घरच्यांना फार जड जातं, हे मी रोज बघते.

वयाचे अडथळे आधी दूर करा

नव्या घरी गेले की मी पहिल्यांदा चष्मा मागते. पुष्कळदा तो हॉस्पिटलमधनं आणलेल्या पिशवीतच असतो. कानाचं मशिन कपाटात, कवळी डबीत. दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि घरचे म्हणतात समजत नाही. मोतीबिंदू असेल तर उंबऱ्यावर पिवळी पट्टी चिकटवा, पाय अडखळत नाही. गुडघे दुखत असतील तर व्यायामाआधी शेकून घ्या. भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, आंघोळ पाटावर नको, खुर्चीवर.

जेवण. वय झालेल्या माणसाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागं साधारण एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या आबांना साठ ते बहात्तर ग्रॅम. चहात बुडवलेल्या बटरवर ती भरत नाहीत. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, पेलाभर दुधात जवळपास तेवढीच. डाळ घट्ट करा, कुळथाचं माडगं, दही, चालत असेल तर मासे-अंडी. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गिळताना ठसका लागतो का, हे रोज बघा. झोपवून पाणी पाजणं सगळ्यात धोक्याचं. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घोट. पातळ पाणी पटकन श्वासनलिकेत जातं, घट्ट पेज त्या मानानं सोपी. जेवल्यावर आवाज घोगरा होत असेल, मधेच ताप येत असेल, तर अन्न फुप्फुसात जातंय असं धरून दाखवायला न्या.

मन. स्ट्रोकनंतर तीनातल्या एका माणसाला कधी ना कधी नैराश्य येतं. आबा भिंतीकडं तोंड करून पडलेत, 'वयच झालं' म्हणून सोडू नका, त्यावर उपचार आहेत. मात्र 'मेंदूची ताकद वाढवणारी गोळी' म्हणून कुणी काही सुचवलं तर जपून. नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन सगळ्याच स्ट्रोक रुग्णांना दिलं तर हातपाय लवकर सुधारतात का, हे ब्रिटनमध्ये तीन हजारांवर रुग्णांवर तपासलं. २०१८ साली निकाल आला: सुधारणेत फरक नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र थोडं वाढलं. नैराश्यासाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर ते चालू ठेवा. तो वेगळा विषय आहे.

खर्चाबद्दल थोडं. सत्तरच्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात उत्पन्नाची अट नाही, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, घरच्या फिजिओला चालत नाही. पंच्याहत्तरच्या वर एसटी मोफत आहे. मिरज-सांगलीच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला जायचं तर तेवढा भार हलका.

आणि परत काही झालं तर

बीपीची गोळी 'आता नॉर्मल आलंय' म्हणून बंद करू नका. गोळीमुळंच नॉर्मल आलंय.

म्हाताऱ्या पेशंटमध्ये एक गोष्ट खास दिसते. सुधारत आलेला हात अचानक पुन्हा जड होतो, बोलणं बरळल्यासारखं होतं. कधी त्यामागं लघवीचं इन्फेक्शन, ताप किंवा रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं, आणि ते दुरुस्त केलं की हात पूर्वपदावर येतो. पण हे घरी बसून ठरवायचं नाही. नवा झटका धरूनच १०८ ला फोन करायचा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि वय ऐंशीच्या वर आहे म्हणून ते देत नाहीत, हा समज खोटा आहे. २०१२ च्या मोठ्या चाचणीत निम्म्याहून जास्त रुग्ण ऐंशीच्या वरचे होते आणि त्यांनाही फायदा झाला. आबा शेवटचे नीट बोलत-चालत कधी दिसले ती वेळ कागदावर लिहून घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात. तोंडात पाणी, गोळी, साखर काहीही घालू नका. सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते दारातच सांगा.